स्पोर्ट्स गाडीचे शॉकअप बदलण्याआधी

नवी असताना जिची किंमत ऐकून आपण शोरूमच्या काचेबाहेरूनच परत फिरलो, ती गाडी आठ-दहा वर्षांनी जुन्या बाजारात आवाक्यात येते. मिनी कूपर एस, ऑडी टीटी, ऑक्टाव्हिया आरएस, नशीब जोरावर असेल तर एखादी पोर्श बॉक्स्टर. इंजिन ठणठणीत असतं, रंग चकचकीत असतो. महिन्याभरात मात्र लक्षात येतं की स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘ठक्’ असा आवाज येतो, घाटात वळण संपलं तरी गाडी आणखी एकदा झुलते, आणि उखडलेल्या डांबरावर ब्रेक दाबला की पुढचं तोंड थरथरतं. गाडी विकणाऱ्याने इंजिनाचं, एसीचं, म्युझिक सिस्टिमचं गुणगान केलेलं असतं. सस्पेन्शनबद्दल तो काही बोललेला नसतो, आणि आपणही विचारलेलं नसतं.

इथून पुढे सल्ल्यांचा पाऊस पडतो. “कॉइलओव्हर टाक.” “स्प्रिंग बदल, तीस मिलिमीटर खाली घे, मग बघ कशी चिकटून चालते.” “एवढी भारी गाडी आणि कंपनीचेच शॉकअप?” या सल्ल्यांमागे पैसे सोडण्याआधी माझं एक ऐका. रस्त्यावर चालवायच्या गाडीला कंपनीच्याच उंचीच्या, कंपनीच्याच स्प्रिंगांना जुळणारे, पण दर्जाने चांगले शॉकअप घ्या. आणि तेही घेण्याआधी गाडीखालचं मेलेलं रबर बदला. बहुतेकांना याहून जास्त काही लागत नाही.

रबराची गोष्ट आधी, कारण तिच्यात थरार नाही म्हणून सगळे ती टाळतात. आपल्या उन्हात आणि पावसात दहा वर्षं काढलेल्या गाडीचे लोअर आर्मचे बुश तडकलेले असतात, स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड खुळखुळत असतात, शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग बसलेलं असतं. दांड्यावर बसणारा फोमचा बंप स्टॉप तर पुष्कळदा हात लावला की भुसा होऊन तळहातावर येतो. त्या ‘ठक्’ आवाजाचा धनी शॉकअप नसून लिंक रॉड असण्याची शक्यता मोठी, आणि लिंक रॉड शॉकअपच्या मानाने फारच स्वस्त. तेव्हा गाडी लिफ्टवर घ्यायला लावा, टॉर्च घेऊन स्वतः खाली उभे राहा, मेकॅनिकला टॉमीने प्रत्येक आर्म हलवून दाखवायला सांगा. बुश कुठे फाटलाय ते तुम्हालाही दिसेल. बदलताना मूळ रबराचेच बुश घ्या. पॉलियुरेथेनचे पिवळे-लाल बुश दिसतात छान, पण रोजच्या गाडीत ते रस्त्याची प्रत्येक कुरकुर आत पोचवतात आणि वंगण सुकलं की स्वतःही कुरकुरतात.

त्याच फेरीत टायर बघा. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सात-आठ वर्षांच्या दगडी टायरवर जगातलं सगळ्यात महाग सस्पेन्शनही वाया जातं. मिनीसारख्या गाड्या रनफ्लॅट टायरवर येतात. त्यांची बाजूची भिंत मुद्दाम जाड आणि ताठ केलेली असते, पंक्चर झालं तरी काही अंतर चालावं म्हणून. खड्ड्याचा मार मग टायर गिळत नाही, तो थेट वर जातो. जुन्या मिनींमध्ये शॉकअपचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं, तो पत्राच अशा मारांनी फुगून वर आलेला सापडतो. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या त्या गोल भागावर सरळ पट्टी ठेवून पाहा. साधे टायर घालून डिकीत छोटा पंप आणि पंक्चरचं किट ठेवलं, तर निम्मा त्रास तिथेच मिटतो. शॉकअप बदलावेत की नाही, हे त्यानंतर ठरवा.

शॉकअप संपलाय हे ओळखायचं कसं? बॉनेट दाबून सोडून देण्याची जुनी पद्धत पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही. नळीवर हलका तेलकट ओलसरपणा असला तर चालतो. तेल ओघळत असेल आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला असेल, तर सील गेलं. टायरच्या पृष्ठभागावर हात फिरवा. ठरावीक अंतरावर उंचवटे-खोलगे लागले तर चाक रस्त्यावर टेकून न राहता नाचत होतं असं समजा. आणि चालवून बघायचं असेल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखा सिमेंटचा रस्ता बरा. सांध्यांवर गाडी एकदा ‘टक’ करून शांत व्हायला हवी. प्रत्येक सांध्यानंतर डोलत राहिली, तर शॉकअपचं वय झालं.

आता मुख्य भांडण. खाली आणि कडक म्हणजे स्पोर्टी, ही समजूत आली शर्यतींमधून. ट्रॅकवरचं डांबर गुळगुळीत असतं, तिथे चाकाला वर-खाली जायची गरजच थोडी. साध्या कुटुंबाच्या गाडीची बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते सव्वा वेळा डोलते, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीची दीड वेळा किंवा थोडी जास्त, आणि शर्यतीच्या गाडीची दोनाच्या पुढे. ट्रॅकवर हा कडकपणा फायद्याचा असतो. वरंध घाटात, पावसाळ्यानंतरच्या डांबरावर तीच गाडी एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते, आणि हवेत असलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं. रस्त्यावरची पकड म्हणजे चाक जमिनीला टेकलेलं असणं. ते टेकलेलं ठेवायचं तर स्प्रिंगला थोडं मऊ असावंच लागतं.

ज्या कंपन्यांचं नावच मुळी गाडीच्या वळणदारपणावर चालतं, त्यांनी काय केलं ते पाहा. १९६२ मध्ये आलेली लोटस एलान स्प्रिंगांनी मऊ होती. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या गाड्यांची ख्यातीच ती की वजन कमी, स्प्रिंग मऊ आणि डॅम्पिंगवर ताबा. अलीकडची अल्पाइन ए११० घ्या. साधारण ११०० किलोची ही फ्रेंच गाडी वळणात उघड झुकते, खराब रस्ता निमूट पचवते, आणि तरी तिला चालवणारे तिच्या नावाने आणाभाका घेतात. कंपनीने तिथे पैसा कडक स्प्रिंगांवर घातला नाही. हलक्या बॉडीवर आणि चाक पार वरपर्यंत गेल्यावर धक्का मऊपणे थांबवणाऱ्या हायड्रॉलिक स्टॉपवर घातला.

गाडी खाली घेण्याचा हिशेबही कागदावर मांडून बघा. समजा तुमच्या पुढच्या चाकाला बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर जायला ७० मिलिमीटर जागा आहे. गाडी ३० मिलिमीटरने खाली आली की उरले ४०. आत दोन माणसं आणि डिकीत सामान आलं की आणखी गेले. आता इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा असा. सोसायटीच्या कमिटीने रविवारी सकाळी ओतून घेतलेला गतिरोधक या नियमाने बांधलेला नसतो, हे तुम्हीही जाणता आणि मीही. त्याच्यावर तुमची गाडी स्प्रिंगवर चालत नाही, बंप स्टॉपवर चालते.

शिवाय आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात गाडी खाली घेतली की लोअर आर्म चाकाच्या बाजूला वर तिरका होतो, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. म्हणजे बॉडीला झुकवणारी तरफ लांब होते. झुकणं कमी व्हावं म्हणून केलेला उद्योग झुकण्यालाच जोर देतो, तो दाबायला मग आणखी कडक स्प्रिंग लागते. घोडं तिथेच पेंड खातं. भरीला उंचवट्यावर स्टिअरिंग आपोआप किंचित फिरायला लागतं ते वेगळंच.

मग चांगल्या शॉकअपला जास्त पैसे कशाचे? शॉकअपच्या आत पिस्टन असतो, त्याच्या छोट्या झडपांतून तेलाला जावं लागतं, आणि त्या अडवणुकीतून धक्क्याची शक्ती उष्णतेत बदलते. वळण घेताना किंवा ब्रेक मारताना बॉडी झुकते तेव्हा पिस्टन सावकाश हलतो. खड्ड्याची कड लागली की तोच पिस्टन कित्येक पट वेगाने हलतो. स्वस्त शॉकअपची अवस्था दादरला एकच दार उघडं असलेल्या डब्यासारखी होते: चार माणसं चढेपर्यंत ठीक, गर्दीचा लोंढा आला की सगळंच तुंबलं. तुंबलेला धक्का तुमच्या कमरेपर्यंत येतो. चांगल्या शॉकअपमध्ये सावकाश हालचालीला झडप घट्ट राहते, म्हणून वळणात बॉडी आटोक्यात राहते. आणि जोराचा धक्का आला की ती झटकन उघडून तेलाला वाट देते. म्हणूनच चांगला शॉकअप एकाच वेळी आवळलेलाही वाटतो आणि मऊही. हे सुख कडक स्प्रिंगने मिळत नाही, कितीही पैसे घाला.

बाजारात प्रत्यक्ष काय मागायचं, तेही सांगतो. मूळ शॉकअप ज्याने पुरवले त्याच दर्जाचे हवे असतील तर झाक्स, मन्रो, केवायबी, किंवा बिल्स्टाइनची बी४ मालिका पाहा; गाडी नवी असताना जशी होती तशी होईल, आणि तुम्ही ती नवी चालवलेली नसल्यामुळे तुम्हाला ती सुधारलेलीच वाटेल. एक पायरी वर जायचं तर बिल्स्टाइन बी६. हा एकाच नळीचा, वायूच्या दाबाचा शॉकअप कंपनीच्या मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठीच असतो. दुकानदार अनेकदा बी८ पुढे करतो. त्याची नळी आखूड असते आणि तो खाली घेतलेल्या गाडीसाठी बनवलेला असतो. तुमची उंची मूळचीच राहणार असेल तर तो घेऊ नका. आणि ज्यांच्या रोजच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक, खचलेली मॅनहोलची झाकणं आणि अर्धवट भरलेले चर आहेत, त्यांनी आपल्या गाडीसाठी कोनीचा स्पेशल अॅक्टिव्ह मिळतो का ते विचारावं. त्यात बारीक, जलद धक्क्यांना तेलासाठी वेगळी वाट असते. माझ्या मते शहरात राहणाऱ्या माणसाला बी६पेक्षा हा जास्त मानवतो, पण घाटरस्त्यांची हौस असलेले माझ्याशी भांडतील, आणि त्यांचंही चूक नाही.

टीटीसारख्या गाड्यांच्या काही आवृत्त्यांत चुंबकीय शॉकअप असतात. त्यातल्या तेलात लोहकण असतात आणि विजेने ते क्षणात दाट-पातळ करता येतं. ऑक्टाव्हिया आरएस, पोर्शमध्येही काही गाड्यांना विजेवर बदलणारे शॉकअप येतात. जोडी गेली की बिल बघून घाम फुटतो. साधे शॉकअप लावता येतात, मात्र ते लावल्यावर डॅशबोर्डवर दिवा पेटून राहतो. तो विझवायला कोडिंग किंवा छोटं मॉड्यूल लागतं. हे करून देणारा माणूस आधी शोधा, शॉकअप नंतर मागवा. तुमच्या गाडीला ही व्यवस्था आहे की नाही हे शॉकअपला वायर जाते का, एवढ्यावरून कळतं.

कॉइलओव्हरबद्दल थोडक्यात. उंची बदलण्यासाठी नळीवर आटे, वर फिरवायचा नॉब, तीस-बत्तीस क्लिक. स्वस्त संचात त्यातल्या निम्म्या क्लिकांनी काही बदलत नाही. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत आटे गंजून गच्च होतात, मग उंची बदलणं राहिलं बाजूला. डोक्यावर रबराऐवजी लोखंडी गोळ्याचं माउंटिंग असेल तर पुढून कायमची टकटक विकत घेतलीत असं समजा. ओहलिन्ससारख्या कंपनीचा रस्त्यासाठीचा संच ही वेगळी जात आहे, पण आपल्यापैकी किती जण वर्षातून चार वेळा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी घेऊन जातात? जे जातात त्यांनी खुशाल घ्यावा. बाकीच्यांना नाकापेक्षा मोती जड.

जाड स्टॅबिलायझर बारही पुष्कळजण सुचवतात. झुकणं कमी होतं, हे खरं. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा बार जाड केला की ओल्या रस्त्यावर वळणात शेपूट सुटायला लागते. जुलैत आंबेनळी घाटात ती सुटावी असं कोणालाच वाटत नसेल.

आता दोन देशी उपद्व्याप, ज्यांना काही झालं तरी हो म्हणू नका. पहिला ‘रिकंडिशन’. शॉकअपच्या नळीला ड्रिलने भोक पाडतात, जुनं तेल ओततात, हाताशी असेल ते तेल भरतात, भोक वेल्डिंगने बुजवतात आणि वरून काळा रंग मारतात. आतला वायूचा दाब गेलेला, झिजलेली झडप तशीच, सील तेच. चार महिने बरं वाटतं. (मोठ्या कंपन्यांचे काही शॉकअप अधिकृत केंद्रात उघडून, नव्या सीलसकट भरून देतात, तो निराळा प्रकार.) दुसरा उद्योग म्हणजे गाडी खाली घासते म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे जाड बफर कोंबणं. उंची वाढते, पण स्प्रिंगचे तेवढे वेढे हलायचेच बंद होतात. सगळा ताण उरलेल्यांवर येतो.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्याच गाडीसाठी बनवलेला, त्याच उंचीचा शॉकअप बसवणं ही देखभाल झाली. गाडी जमिनीला टेकवणं ही नव्हे. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आला की हा फरक फार महाग पडू शकतो. जर्मनीत राहणाऱ्या वाचकांना हे नवं नाही, तिथे सुट्या भागासोबत चाचणीचा कागद जवळ ठेवावा लागतो. तो कागद इथे सक्तीचा नसला तरी विकत घेताना मागा. तुमच्या मॉडेलवर तो भाग कोणीतरी तपासलेला आहे, एवढं त्यावरून कळतं.

माल आला, आता बसवणं. चांगले शॉकअप इथेच वाया जातात, म्हणून त्या दिवशी सुट्टी काढा आणि गॅरेजमध्ये हजर राहा. काम सुरू होण्याआधी गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा, वहीत लिहा. हे कशासाठी, ते सांगतो. बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटलेलं असतं आणि बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी पकडली जाते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. आर्मखाली जॅक लावून चाक तुम्ही लिहिलेल्या मापापर्यंत उचलायचं आणि मगच शेवटचा आवळा द्यायचा. वाढीव वेळ अर्धा तास. “साहेब, आम्ही रोज करतो” असं उत्तर आलं तरी हटू नका.

दुसरं, वरचा नट काढता-लावताना दांडा गोल फिरतो म्हणून कोणी त्याचा चकाकणारा भाग ग्रिप प्लायरने पकडत असेल, तर तिथेच हात धरा. त्या चकाकीवर एक ओरखडा आला की प्रत्येक हालचालीत तो सीलला कापत राहतो, आणि नवा कोरा शॉकअप पहिल्याच पावसाळ्यात गळतो. एअर गनही त्या नटावर नको. दोन नळ्यांचे शॉकअप गोदामात आडवे पडून आलेले असतात. बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायला सांगा, म्हणजे आतली हवा वर जाईल. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे, माउंटिंग आणि बंप स्टॉप नवे, एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर तेही नवे. शेवटी अलाइनमेंट, आणि छापील कागद हातात.

राहिले जुने शॉकअप. भंगारवाला लगेच हात पुढे करील, पण तसेच देऊ नका. रंग मारून ते दुसऱ्याच्या गाडीत ‘नवे’ म्हणून जातात. दांड्याच्या चकाकत्या भागावर कानशीने चार खोल चरे पाडा आणि मगच द्या. नळीला मात्र भोक पाडायला जाऊ नका, आत दाबाखालचा वायू असतो.